आठवा पाट

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी दादांना कबूल केलं होतं. देवासमोर नाही, नुसतं जिन्यात उभं राहून. तरी लिहायला बसले आहे. लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली आहे. शिवाय 'मी, मी' असं लिहू लागले की माझा हात अडतो, म्हणून या गोष्टीतल्या मुलीचं नाव मी नंदिनी ठेवते. हे नाव आत्ताच, याच पानावर सुचलं. आमच्या घरात, गल्लीत, वर्गात कुठेही कुणी नंदिनी नाही. घरी तर मला सगळे 'धाकटी'च म्हणतात. तेव्हा कुणी ओळखायचं नाही.

१

दर तीन-चार वर्षांनी नंदिनीच्या घरी एक पंगत बसायची आणि ती सगळा हिंदुस्थान बघायचा.

त्याचं असं की, तिचे दादा, म्हणजे वडील, हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर. पण त्याआधी, पोरवयात, ते कोल्हापूरच्या स्टुडिओत पडदे रंगवायचे. त्यांच्या जोडीला हंबीरराव इंगवले. दादा डोंगर रंगवायचे, हंबीरराव वरचं आभाळ. पुढे डोंगरवाले शाळेत लागले आणि आभाळवाले मुंबईला गेले. तिथे कुणाकुणाच्या हाताखाली दहा वर्षं काढून हंबीरराव हिंदी सिनेमाचे दिग्दर्शक झाले. साधेसुधे नव्हेत. त्यांना दिल्लीत पदक मिळालं, त्यांच्यावर इंग्रजी पेपरात लांबलचक लेख यायचे, परदेशातली माणसं त्यांचे सिनेमे बघून उभं राहून टाळ्या वाजवायची. मुंबईत त्यांना 'रावसाब' म्हणत. 'हंब्या' म्हणणारे कोल्हापुरात दोघे-तिघेच उरले होते, त्यातले एक दादा.

१९६४ साली पहिल्याच सिनेमात घरच्या जेवणाचा प्रसंग काही केल्या जमेना. तेव्हा हंबीरराव सगळा लवाजमा घेऊन मंगळवार पेठेत दादांच्या दारात येऊन उभे राहिले. या घराच्या स्वयंपाकघराला वर दोन काचेची कौलं आहेत. भर दुपारी त्यांतून उन्हाचे दोन पट्टे पंगतीवर पडतात. हंबीररावांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो उजेड मुंबईत कुठल्या दुकानात मिळत न्हाई."

त्या दिवशी त्यांनी जे केलं तोच पुढे त्यांचा नेम झाला. जेवण खरंच रांधायचं आणि खरंच जेवायचं. नट-नट्यांच्या मध्ये घरची माणसं बसवायची. शॉट एकदाच घ्यायचा. "खोटं जेवान कॅमेऱ्याला कळतंय," ते म्हणायचे, "आन् दुसऱ्यांदा जेवणाऱ्याला भूक नसतीया."

हा पंगतीचा शॉट त्यांच्या प्रत्येक सिनेमात असे. फक्त एकदा, चौथ्या खेपेला, तो त्यांनी मुंबईच्या सेटवर चांदीची ताटं मांडून घेतला. तो सिनेमा आठ दिवसांत उतरला. कोल्हापुरात तर लोक "आरं पानं कुटं हाईत?" असं ओरडत बाहेर पडले होते.

कारण कोल्हापूरकर एका वाक्याची वाट बघत बसलेले असत. सगळा सिनेमा हिंदीत, पण त्या शॉटच्या सुरुवातीला पंगतीच्या टोकाला बसलेली एक बाई मराठीत हाक देते, "चला, पानं वाढलीत." बस्स, एवढंच. पडद्यावर ती तोंड उघडायच्या आत टॉकीजभर सहाशे माणसं तिच्याबरोबर ओरडायची, "चला, पानं वाढलीत!" आणि मग शिट्ट्या. टॉकीज नंदिनीच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे सिनेमा लागला की रोज, ठरलेल्या वेळी, तो गलका परसातून ऐकू यायचा. आई हातातलं काम थांबवून हसायची. नंदिनीला वाटायचं, आपल्याइतकं सुखी घर दुसरं नसेल.

२

१९७८ चं शूटिंग नंदिनीला नीट आठवतं. तेव्हा ती दहा वर्षांची होती.

सकाळपासून धोंडुबाई चुलीपुढे. ती शेजारची, मोठ्या स्वयंपाकाला मदतीला यायची. दिव्यांच्या वायरी ओलांडत, भाताचं पातेलं डोक्याइतकं उचलून ती युनिटच्या लोकांना हाकलायची, "पावणं, सरका की वाईच! न्हाईतर आमटीत पडशीला आन् मग खारट लागंल आमटी."

चार नट, दादा, आई आणि मोठी बहीण अक्का, अशी सात माणसं पंगतीला. नंदिनीला बसवायचा हंबीररावांनी पुष्कळ आग्रह केला. पण चारचौघांत तिला घास गिळवत नसे. ती कोठीच्या खोलीच्या दाराआड उभी राहिली. तिथून पाट मोजले तर आठ होते.

आठव्या पाटावर ती बाई बसली होती. फिकट निळं इरकली लुगडं, डोक्यावरून पदर, नजर पानावर. उन्हाचे पट्टे सातव्या पानापर्यंत येऊन थांबले होते. तिने हाक दिली, सगळे जेवू लागले. ती मात्र जेवताना दिसली नाही. हात पानाशेजारी नुसता टेकलेला. पण पंगत उठली तेव्हा तिचं पान लख्ख होतं. धोंडुबाईने पानं गोळा करता करता म्हटलंसुद्धा, "ह्याला म्हंत्यात जेवनं! मिठाचा खडासुदिक टाकला न्हाई."

३

खुपणारी गोष्ट रेडिओवरून घरात आली.

१९८१ च्या दिवाळीनंतरची एक सकाळ. अक्का केस विंचरत होती, नंदिनी भूगोलाचे नकाशे काढत होती. हंबीररावांची मुलाखत लागली होती. मुलाखत घेणाऱ्याने अदबीने विचारलं, "रावसाब, आपकी दावत में वो जो औरत आख़िर में बैठती है, जो कुछ खाती नहीं, उसका मतलब क्या है?"

हंबीरराव खळखळून हसले. "मतलब कुछ नहीं। वो मेरे दोस्त की बुआ हैं।"

बुआ म्हणजे आत्या, एवढं हिंदी नंदिनीला येत होतं. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"आई, दादांना आत्या होती?"

"छे गं. तुझे पणजोबा एका मुलावरच थांबले. आजोबा एकुलते एक."

"मग पंगतीच्या टोकाला बसते ती कोण?"

"ती होय? ती त्यांची बाई," आई तांदूळ निवडत म्हणाली. "कंपनीची. कपडेबिपडे बघते ना, अक्का?"

"हो की," अक्का म्हणाली. "मी तिला ट्रंकेपाशी बघितलंय. वाटतं बघितल्यासारखं."

दुपारी धोंडुबाईला विचारलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्या तर तुमच्याच नात्यातली समजतोय. इरकल नेसतीया, म्हंजी खालच्या अंगाची, निपाणी-संकेश्वराकडची. आपन कशाला इचारायचं? पावन्याला 'तू कोन' म्हनून इचारत्यात व्हय?"

म्हणजे घरच्यांना वाटत होतं, ती सिनेमावाल्यांची. सिनेमावाल्यांना वाटत होतं, ती घरची. आणि दोन्हीकडचे लोक इतके रीतीचे, की सतरा वर्षांत कुणी एकमेकांना विचारलं नव्हतं. घरच्यांनी पान वाढलं, सिनेमावाल्यांनी उजेड दिला.

नंदिनीने मनाला बजावलं, असेल कुणी हौशी बाई. शूटिंगची खबर लागली की येत असेल. तिने कपाटातून युनिटने भेट दिलेले फोटो काढले. १९६४, ६७, ७१ आणि ७८. चार पंगती. दादांच्या डोक्यावरचे केस मागे मागे गेलेले. अक्का एका फोटोत आईच्या मांडीवर, पुढच्यात पाटावर, शेवटच्यात साडीत. आणि ती बाई चारही फोटोंत सारखी. उजव्या हातात सात बांगड्या, डाव्या हातात सहा. डावीकडची एक कधी तरी वाढवलेली असेल. चौदा वर्षांत तिने ती भरून घेतली नव्हती.

त्या रात्री नंदिनीला झोप चांगली लागली, हे खरं. भीती अशी वाटली नाहीच. फक्त सकाळी दात घासताना एक विचार आला. शूटिंग संपल्यावर गाड्या जातात, तेव्हा आई दारात उभी राहून एकेका बाईला कुंकू लावते. तिला कधी लावलं? आईला विचारलं, तर आई म्हणाली, "ती आधीच पुढे गेलेली असते गं."

घरातून रस्त्यावर जायला तर एकच उंबरा आहे.

४

पुढच्याच आठवड्यात हंबीररावांचं पत्र आलं. दादांनी ते जिन्यात बसून वाचलं आणि मग पुन्हा एकदा वाचलं.

पत्र छोटं होतं. डॉक्टरांनी आता पुरे म्हटलं आहे. हा सिनेमा शेवटचा. पंगत अर्थात तुझ्याकडेच. या खेपेला आत्यांचा चेहरा जवळून घ्यायचा आहे. इतकी वर्षं फुकट राबवलं त्यांना, निदान नावांच्या यादीत त्यांचं नाव तरी घालू दे. त्यांचं पूर्ण नाव कळव.

"माझी आत्या," दादा पुटपुटले. मग त्यांनी वर बघितलं. नंदिनी वरच्या पायरीवर होती. तिच्याकडे बघून त्यांना कळलं, की हिला ठाऊक आहे.

"त्यांना लिहायचं का, की ती आपली नव्हे?" नंदिनीने विचारलं. एवढं मोठं वाक्य ती दादांशी क्वचितच बोलायची.

दादांनी चष्मा पुसला. "लिहिलं तर तो येणार नाही. आणि पंगतीवाचून त्याचा सिनेमा होत नाही, हे एकदा बघितलंय आपण. शेवटचा सिनेमा आहे त्याचा." तो परत लावून म्हणाले, "शिवाय बाळ, ती त्याचीही नव्हे असं ठरलं, की मग विचारावं लागेल ना, कोण आहे ते."

पत्रं नेहमी नंदिनीच लिहायची, अक्षर चांगलं म्हणून. तिने कार्ड मांडीवर घेतलं.

"नाव काय घालू?"

"घाल तुला सुचेल ते."

तिने लिहिलं, बयाबाई. का ते सांगता येत नाही. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत ती त्या नावाकडे बघत राहिली. ते पूर्वीपासून तिथेच असल्यासारखं दिसत होतं.

५

जानेवारीत शूटिंग झालं. हंबीरराव काठी टेकत आले. उंबऱ्यातच दादांच्या नावाने ओरडले, "आरं अंबादाश्या, हाईस का? भुका लागल्यात की!" दादा पुढे झाले आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापट्या मारत राहिले. नंदिनीला त्या क्षणी वाटलं, सांगून टाकावं. आत्ताच्या आत्ता. काका, ती आमची कुणी नाही. पण घर इतकं आनंदात होतं. मसालेभाताचा वास सुटला होता. धोंडुबाई एका नटाला सांगत होती, "लई वाळलायस बघ. पदरचं काय खातोस का न्हाई?"

नंदिनी आपल्या दाराआड जाऊन उभी राहिली. पाट आठ. आठवा कुणी मांडला, हे बघायचं तिने ठरवलं होतं. बघायचं राहिलं.

कॅमेरा या वेळी पंगतीत आणला होता. कॅमेऱ्यापासून माणसापर्यंतचं अंतर फितीने मोजून त्याप्रमाणे भिंगाची कडी फिरवायची, म्हणजे चेहरा स्वच्छ येतो. हे काम एका टकल्या, पन्नाशीच्या गृहस्थांचं होतं. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी फीत धरली. "साडेसात फूट." कडी साडेसातावर आणली आणि भिंगातून बघितलं. डोळा चोळला. पुन्हा फीत धरली. साडेसातच. मग ते कडी हळूहळू पुढे फिरवू लागले. दहा. वीस. पन्नास. शेवटी, जिथे आकडे संपतात आणि अनंताचा आडवा आठ काढलेला असतो, तिथे कडी येऊन थांबली.

"अब आईं," चाचा म्हणाले आणि बाजूला झाले. त्यांनी कपाळाचा घाम पुसला. बहुधा त्यांना वाटलं असेल, भिंग बिघडलं.

हंबीरराव कॅमेऱ्याला डोळा लावून बसले. खूप वेळ. पंगतीतल्या पानांवर भात निवत चालला.

"बयाबाई," ते हळू म्हणाले, "जरा वर बघा."

इतक्या वर्षांत तिने कधी वर बघितलं नव्हतं. आता बघितलं. कॅमेऱ्याकडे नव्हे. कोठीच्या दाराकडे.

चेहऱ्यात वावगं काही नव्हतं. जेवायला माणूस आलं की बाईमाणसाला होतो, तसा आनंद त्यावर होता. नंदिनीने नजर खाली केली, तर ती त्या बाईच्या पानासमोरच्या तांब्यावर गेली. तांब्याच्या पोटात माणसं वाकडीतिकडी दिसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात पंगत दिसत होती. फक्त ती आठव्या पाटापाशी संपत नव्हती. जिथे भिंत आणि भिंतीवर झारे-उलथणी टांगलेली, तिथून पुढे पानामागून पान, पानामागून पान, आणि प्रत्येकावर उन्हाचा पट्टा.

"चला," ती म्हणाली, "पानं वाढलीत."

सगळे जेवू लागले.

शॉट झाल्यावर हंबीरराव उंबऱ्यावर बसून जेवले. दोनदा भात मागून घेतला. दादा शेजारी बसले होते.

"मास्तर, पंगत लांब हाय रे."

"किती?"

"मोजली न्हाई. पर मान्सं खुशीत दिसली." मग त्यांनी नंदिनीला जवळ बोलावलं. "ती चिठ्ठी तूच लिवलीस न्हवं? मोत्यावानी अक्षर हाय. आत्यांचं नाव बी लई ग्वाड हाय."

तोंडापर्यंत आलं होतं. दादा तिच्याकडे बघत होते. ती नुसती हसली.

६

सिनेमाचं काम हातावेगळं झालं आणि श्रावणात हंबीरराव मुंबईत, राहत्या घरीच वारले. त्यांच्या मुलाने दादांना सांगितलं ते असं. त्रास काही झाला नाही. दुपारची वेळ होती. ते पुस्तक वाचत बसले होते. मध्येच मान वर करून "आलो आलो" म्हणाले, हात धुतले आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. घरात अजून स्वयंपाक व्हायचा होता. सून बघायला गेली तेव्हा ते मांडी घालून, हसऱ्या चेहऱ्याने बसलेले होते.

ते ऐकून आल्यावर दादांनी नंदिनीला जिन्यात गाठलं. "ते नाव तू घातलंस, हे कुणाला सांगू नकोस. सांगायचं नाही म्हणजे नाही." नंदिनीने मान हलवली. दादा मुंबईला जाऊन सिनेमा आधीच बघून आले होते. कसा झालाय, विचारलं तर म्हणाले, "चांगला. त्याच्या सगळ्यांत चांगला." आणि मग, "पंगत मोठी दिसते."

आज तो कोल्हापुरात लागला. बाराचा खेळ. दादा, आई, अक्का, धोंडुबाई सगळे गेले. धोंडुबाईने तर नवं लुगडं नेसलं. नंदिनी नेहमीप्रमाणे घरी राहिली. गर्दीत तिला गुदमरतं, आणि गलका घरातून ऐकण्यातच तिला खरी गंमत वाटते. बाहेरच्या सोप्यात बसून ती हे लिहिते आहे. मांजर पायाशी आहे. ऊन छान पडलं आहे. आणि लिहून टाकल्याने इतकं हलकं वाटतं आहे, की आधीच का नाही लिहिलं असं झालं आहे.

दादा म्हणाले होते, शॉट दोन वाजून दहा मिनिटांनी येतो. आता सव्वादोन झाले. गलका झाला नाही.

घड्याळ पुढे असेल. किंवा हंबीरराव गेले म्हणून लोक गप्प बसले असतील. सहाशे माणसं एकदम गप्प बसू शकतात, त्यात काय. किंवा पडद्यावर पंगत आली असेल, सगळ्यांनी तोंडं उघडली असतील, आणि टोकाच्या पाटावर आज कुणीच

नाही, तसं कशाला असेल.

स्वयंपाकघरात पाट मांडल्याचा आवाज होतो आहे. मांजर उठून गेलं. लाकडाचा, फरशीवर टेकल्याचा आवाज. नंदिनी मोजते आहे. पाच. सहा. सात. आठ. घाई नाही, सावकाश, रीतीने. नऊ. दहा. आवाज लांब लांब जातो आहे, स्वयंपाकघर आहे त्याहून कितीतरी लांब. निवत्या भातावर तूप सोडल्याचा वास येतो आहे. मला भूकही लागली आहे.

आतून हाक आली.

"नंदिनी, ये गं. पानं वाढलीत."

इतक्या मायेने कुणी बोलावलं, की 'आले' असंच तोंडातून निघतं. मी म्हणाले, "आले." म्हणून झाल्यावर लक्षात आलं, की हे नाव तर मी फक्त या